निवड करणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा
कर्जत-खालापूरच्या तरुणांसाठी मुलाखतीच्या इंग्रजीचा सराव

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत नोकरीच्या मुलाखतीची तयारी बहुतेक एकाच पद्धतीने होते. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर कुणाकडून तरी लिहून घ्यायचं, पाठ करायचं आणि पॅनेलसमोर एका दमात म्हणून टाकायचं. नाव, गाव, वडील काय करतात, छंद क्रिकेट, स्ट्रेंथ हार्डवर्किंग. दुसऱ्या प्रश्नाला गाडी अडते, कारण तो पाठ केलेला नसतो. मग पॅनेलला वाटतं, याला इंग्रजी येत नाही. उमेदवारालाही तसंच वाटतं, आणि हे दुसरं जास्त नुकसान करतं.

या लेखात सांगितलेली पद्धत वेगळी आहे. पाच-सहा जणांच्या गटाने एखादी खरीखुरी वाटेल अशी जागा घ्यायची, काहींनी उमेदवार व्हायचं, काहींनी पॅनेल व्हायचं आणि मुलाखती संपल्यावर कुणाला घ्यायचं हे इंग्रजीतच वाद घालून ठरवायचं. बिझनेस इंग्लिशच्या वर्गांत हा सराव सर्रास घेतला जातो. आपल्याकडे त्यातला पहिला अर्धा भाग, म्हणजे मॉक इंटरव्ह्यू, थोडाफार होतो. दुसरा अर्धा, म्हणजे निवडीची चर्चा, जवळजवळ होतच नाही. माझ्या मते खरं इंग्रजी त्या दुसऱ्या अर्ध्यात बोलावं लागतं.

इथल्या नोकऱ्या आणि त्यांना लागणारं इंग्रजी

टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून त्यावर वीज तयार होते आणि वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेत जातं. बारमाही पाणी, हाताशी रेल्वे आणि जवळ मुंबई, यामुळे कारखानदारी इकडे वळली. खोपोलीत पोलादाचे आणि पाइपांचे कारखाने आले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सने रसायनीत कारखाना काढला. १९८२ मध्ये पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला आणि पुढे पाताळगंगा एमआयडीसीत औषधं व रसायनांच्या कंपन्या वाढल्या. एप्रिल २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झालं. कर्जतच्या बाजूला नदीकाठी रिसॉर्ट आणि फार्महाऊस उभी राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तोही आता या भागातल्या मुलांच्या आवाक्यातला आहे. ठाणे, ऐरोली, मुंबईला जाणारे लोकल धरतातच.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की या प्रत्येक ठिकाणचं इंग्रजी वेगळं आहे. औषध कंपनीत क्यूसीला लागलेल्या मुलाला एसओपी वाचावी लागते, लॉगबुक भरावं लागतं आणि ऑडिटर आला की आपण काय केलं हे सांगावं लागतं. मेंटेनन्सच्या फिटरला वर्क परमिट समजावं लागतं आणि शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला मशीनची हालत कळवावी लागते. रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसला तक्रार ऐकून घ्यायची असते. कॉल सेंटरला फोनवर समोरच्याचं म्हणणं एका फटक्यात कळायला हवं. 'फाडफाड इंग्रजी' नावाची एकच वस्तू यातल्या कुठल्याच कामाला लागत नाही. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी जागा ठरवा. कशासाठी इंग्रजी हवं हे एकदा ठरलं की शिकायचे शब्द मोजकेच उरतात.

पहिलीपासून इंग्रजी असूनही

महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीपासून होतं. म्हणजे आज पंचविशीत मुलाखतीला उभा राहणारा मराठी शाळेतला मुलगा दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकलेला आहे. तरी तोंड उघडत नाही, कारण या वर्षांत तो बहुतेक वेळ वाचत आणि लिहीत होता. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली आणि त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांना अर्थही सांगता आला. हा आकडा देशातल्या निवडक जिल्ह्यांचा आहे, पण आपल्याकडचं चित्र ओळखीचं वाटावं असाच आहे. वाचता येणं पुष्कळांना जमतं. बोलायची पाळी मात्र कधी आलेलीच नसते.

ठाकूरवाडी-कातकरवाडीतून आलेल्या मुलांचं अंतर याहून मोठं आहे. घरी ठाकरी किंवा कातकरी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि त्यावर इंग्रजी. त्यांच्यासाठी ही तिसरी भाषा आहे. सरावाच्या गटात अशी मुलं असतील तर त्यांना आधी पॅनेलवर बसवा. प्रश्न कागदावर लिहिलेला असतो, तो वाचून विचारायचा असतो, आणि समोरचा अडखळताना पाहिला की स्वतःची भीती निम्मी होते.

शासननिर्णय आहे, पण

स्थानिकांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून राज्य सरकारचं धोरण १९६८ पासूनचं आहे. १७ नोव्हेंबर २००८ च्या शासननिर्णयाप्रमाणे उद्योगांनी पर्यवेक्षकाच्या पदांवर किमान ५० टक्के आणि बाकीच्या पदांवर किमान ८० टक्के स्थानिक घ्यावेत असं आहे. पण यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला माणूस. खालापूरचा रहिवासी असा त्याचा अर्थ होत नाही. पाताळगंगेच्या जागेसाठी वावोशीच्या मुलाची स्पर्धा पुणे, नाशिक, लातूरच्या मुलांशी असते आणि ती या नियमात पूर्णपणे बसते. गेटवर मोर्चा नेऊन ऑपरेटरच्या जागा मिळतीलही. शिफ्ट इनचार्जची जागा मुलाखतीतूनच भरली जाते, आणि तिथे आपल्या कामाबद्दल इंग्रजीत दहा मिनिटं बोलावं लागतं.

गटाची मांडणी

सहा जण असतील तर तिघं पॅनेल, दोघं उमेदवार, एक निरीक्षक. निरीक्षक बोलत नाही, फक्त लिहितो: कोण कुठे अडलं, कुठला शब्द सुचला नाही, कुठला प्रश्न समजला नाही. पुढच्या फेरीत भूमिका बदलायच्या. प्रत्येकाने निदान एकदा पॅनेलवर बसल्याशिवाय सराव पूर्ण झाला असं म्हणू नका.

पहिलं काम जाहिरात. वर्तमानपत्रातली, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी किंवा कंपनीच्या गेटवर लावलेली एखादी वॉक-इनची जाहिरात घ्या. पद, शिक्षण, अनुभव, शिफ्ट आणि ठिकाण एवढं त्यात असलं की पुरे. मग उमेदवारांनी आपापला एक पानी बायोडाटा करायचा. तो खोटा रंगवायचा नाही, स्वतःचाच असू द्या. फार तर अनुभवाची एखादी ओळ सरावापुरती घाला.

दुसरं काम पॅनेलचं, आणि ते मुलाखतीच्या आधी करायचं. या जागेवरच्या माणसाला नेमकं काय जमलं पाहिजे, अशा चार गोष्टी लिहून काढायच्या. प्रत्येक गोष्टीसाठी एक प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण. दोन्ही उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने.

हे शिस्तीसाठी म्हणून सांगत नाही. मिनेसोटा विद्यापीठातले पॉल सॅकेट आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींवरचं जुनं संशोधन पुन्हा तपासलं. मुलाखतीतले गुण आणि पुढे प्रत्यक्ष कामात दिसलेली कुवत यांचा मेळ त्यांनी आकड्यात मांडला. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ. आधी प्रश्न ठरवून घेतलेल्या मुलाखतीचा आकडा ०.४२ आला, गप्पांसारख्या मोकळ्या मुलाखतीचा ०.१९. मोठ्या कंपन्या ठरवलेल्या प्रश्नांकडे वळतात त्यामागे हे कारण आहे. पॅनेल होऊन एकदा असा कागद तयार केला की उमेदवार म्हणून बसताना लक्षात येतं, समोरचा माणूस कागदाकडे पाहून काहीतरी लिहितो तेव्हा तो आपल्यावर नाराज नसतो, गुण मांडत असतो.

मुलाखत आठ मिनिटांची पुरे. तिघांनी गुण एकमेकांना न दाखवता लिहायचे. आधी बोलून मग लिहिले तर जो मोठ्याने बोलतो त्याचेच गुण तिघांच्या कागदावर येतात.

एक फेरी जवळून

समजा, जागा कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमधली, फ्रंट ऑफिसची. दोन उमेदवार आहेत. पहिली बारावी झालेली, माथेरानच्या एका हॉटेलात दोन सीझन काम केलेली, इंग्रजी मोडकंतोडकं. दुसरा बीकॉम, इंग्रजी सफाईदार, अनुभव नाही. पॅनेलचा तिसरा प्रश्न असा:

'इट इज सॅटर्डे नाइट, टेन ओ'क्लॉक. अ फॅमिली अराइव्ह्ज. दे से दे बुक्ड टू रूम्स. द सिस्टिम शोज ओन्ली वन. व्हॉट विल यू डू फर्स्ट?'

बीकॉमवाला म्हणतो: 'आय विल हँडल द सिच्युएशन विथ पेशन्स अँड प्रोफेशनलिझम. कस्टमर सॅटिस्फॅक्शन इज माय टॉप प्रायॉरिटी.'

माथेरानवाली म्हणते: 'फर्स्ट आय से सॉरी सर, प्लीज सिट, आय गिव्ह वॉटर. देन आय चेक फोन बुकिंग रजिस्टर, बिकॉज समटाइम फोन बुकिंग नॉट एंटर इन कॉम्प्युटर. इफ नॉट देअर, आय कॉल मॅनेजर. आय डोन्ट से नो रूम इन फ्रंट ऑफ चिल्ड्रन.'

बीकॉमवाल्याच्या उत्तरात व्याकरणाची एकही चूक नाही आणि माहितीही काही नाही. पॅनेलवर बसलेल्या कुणालाही हे दहा सेकंदांत कळतं. उमेदवाराच्या खुर्चीतून ते महिनोन्‌महिने कळत नाही, कारण तिथे सगळं लक्ष चुका न करण्यावर असतं. माथेरानवालीच्या उत्तरात क्रियापदं बिघडलेली आहेत, पण तिने रजिस्टर तपासलं. फोनवरचं बुकिंग कधीकधी संगणकात चढत नाही हे तिला माहीत आहे. मुलांसमोर 'खोली नाही' म्हणायचं नाही हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

आता निवड करा. इथे सोपं उत्तर नाही, आणि म्हणूनच चर्चा रंगते. पॅनेलमधला एक म्हणेल, परदेशी पाहुणे आले तर हिला जमेल का? दुसरी म्हणेल, कर्जतला शनिवार-रविवारी येतात ते बहुतेक मुंबई-पुण्याचे, त्यांच्याशी हिंदी-मराठीत भागतं. तिसरा विचारेल, त्याला रजिस्टर शिकवायला किती दिवस लागतील आणि हिचं इंग्रजी सुधारायला किती महिने? हा खऱ्या निवडीचा प्रश्न आहे, आणि तो इंग्रजीत मांडायचा तर तुलना, शक्यता, अट असं सगळं व्याकरण आपोआप तोंडात येतं.

चर्चेत लागणारी वाक्यं

ही वाक्यं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. पाठ करू नका, बोलताना बघून वापरा.

मत मांडताना: 'आय वुड गो विथ द फर्स्ट कँडिडेट, बिकॉज...' 'माय कन्सर्न इज...' 'शी हॅज मोअर एक्स्पीरियन्स, बट...'

दुसऱ्याचं खोडताना: 'आय सी युवर पॉइंट, बट ही डिडन्ट अ‍ॅन्सर द क्वेश्चन.' 'आय अ‍ॅम नॉट शुअर अबाउट दॅट.' मराठीत आपण 'छे, काहीतरीच काय' म्हणून मोकळे होतो. ऑफिसच्या इंग्रजीत विरोध असा दोन पावलं मागे घेऊन केला जातो, आणि पुढे मीटिंगमध्ये, ईमेलमध्ये, साहेबांशी बोलताना हीच सवय लागते.

पुरावा मागताना: 'व्हॉट डिड शी से एक्झॅक्टली?' हे वाक्य सगळ्यात मोलाचं. 'मला तो बरा वाटला' एवढ्यावर निवड होऊ द्यायची नाही. उमेदवार काय म्हणाला ते कागदावरून वाचून दाखवायचं. तेव्हा पॅनेलवाल्याला दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगावं लागतं, आणि शाळेतलं डायरेक्ट-इनडायरेक्ट पहिल्यांदा कामाला येतं.

मिटवताना: 'शॅल वी कम्पेअर अवर स्कोअर्स?' 'कॅन वी अ‍ॅग्री ऑन...?'

चर्चेला पंधरा मिनिटं द्या आणि शेवटी एकाने उभं राहून निर्णय व त्याची दोन कारणं सांगायची. उमेदवार तेव्हा खोलीतच बसलेले असावेत. आपल्याविषयी काय बोललं जातं हे खऱ्या मुलाखतीत कधीच ऐकायला मिळत नाही. इथे ते ऐकायला मिळतं. ते माणसावर घसरू नये, उत्तरावर राहावं, एवढं मात्र निरीक्षकाने पाहायचं.

पाठ केलेल्या उत्तराच्या जागी प्रसंग

पॅनेल झालेला माणूस उमेदवाराच्या खुर्चीत परत आला की त्याला कळलेलं असतं, ऐकणाऱ्याला गुण मोजता येतील असं काहीतरी द्यायचं. विशेषणांना गुण देता येत नाहीत. प्रसंगाला देता येतात. इंग्रजीत यासाठी 'स्टार' नावाचा साचा वापरतात: प्रसंग काय होता, तुमच्याकडे काम काय होतं, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं. चार टप्पे, सहा-सात वाक्यं.

अप्रेंटिसशिप केलेल्या आयटीआय फिटरचं उदाहरण घ्या. 'आर यू अ टीम प्लेयर?' असा प्रश्न आला. 'येस सर, आय अ‍ॅम अ गुड टीम प्लेयर' याने काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा हे:

'देअर वॉज अ लीक फ्रॉम द पंप ग्लँड इन नाइट शिफ्ट. माय सुपरव्हायझर आस्क्ड मी अँड वन ऑपरेटर टू अटेंड इट. वी इन्फॉर्म्ड द कंट्रोल रूम अँड टुक द परमिट. द ऑपरेटर आयसोलेटेड द पंप. आय चेंज्ड द ग्लँड पॅकिंग. वी स्टार्टेड इट इन द सेम शिफ्ट.'

सगळी वाक्यं लहान आहेत, सगळी भूतकाळात आहेत, आणि परमिट, आयसोलेट, ग्लँड पॅकिंग हे शब्द त्याने शाळेत शिकलेले नाहीत, प्लांटमध्ये रोज ऐकलेले आहेत. आपल्या मुलांकडे असं इंग्रजी भरपूर असतं. ते इंग्रजी म्हणून मोजलं जातं हेच त्यांना माहीत नसतं.

ज्यांनी अजून नोकरी केलेली नाही त्यांना वाटतं, आपल्याकडे सांगायला प्रसंगच नाही. तसं नसतं. पावसाळ्यात पेठच्या किल्ल्यावर ट्रेकर्सना वाट दाखवणारा मुलगा अनोळखी माणसांची जबाबदारी घेत असतो. गणेशोत्सव मंडळाचा हिशेब ठेवलेल्या मुलीने वर्गणी, खर्च आणि शिल्लक यांचा मेळ घातलेला असतो. कुणी वडिलांबरोबर भात गिरणीला नेऊन भाव ठरवलेला असतो. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार विद्यावेतन ठरलं. या योजनेत एखाद्या कार्यालयात काम केलेल्यांनी त्या महिन्यांतले तीन प्रसंग आजच वहीत लिहून ठेवावेत. प्रमाणपत्रापेक्षा ते मुलाखतीत जास्त उपयोगी पडतात.

सोडून द्यायच्या आणि न सोडायच्या चुका

'अ' आणि 'द' राहून गेलं, 'मायसेल्फ' म्हणून सुरुवात झाली, 'आय अ‍ॅम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरियन्स' म्हटलं, तर कुणाची नोकरी जात नाही. समोरचा साहेबही बहुधा तसंच बोलतो. सरावात या चुकांसाठी बोलणाऱ्याला मध्येच तोडू नका.

दोन चुका मात्र महाग पडतात. पहिली काळाची. सोडलेल्या नोकरीबद्दल 'आय वर्क देअर' म्हटलं की पॅनेलला वाटतं अजून तिथेच आहे, मग नोटीस पीरियडचा प्रश्न येतो आणि गोंधळ सुरू होतो. दुसरी आकड्यांची. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांत पगार, टक्के, मशीनचं तापमान, बॅचचा नंबर असं सगळं उलटंपालटं होऊ शकतं. शंका आली की आकडे सुटे सांगा: 'वन-फाइव्ह, फिफ्टीन'. गटात रोज पाच मिनिटं नुसते आकडे आणि तारखा एकमेकांना सांगून लिहायला लावा. कंटाळवाणं आहे, पण इतक्या लवकर फायदा देणारा दुसरा सराव मला माहीत नाही.

आणि प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नका. 'सॉरी सर, कुड यू रिपीट द क्वेश्चन?' म्हणणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत.

पहिली फेरी फोनवर

बऱ्याच ठिकाणी आता एचआरचा फोन आधी येतो. पाच मिनिटांचं बोलणं, पण चाळणी तिथेच लागते. डोंगरकडेच्या वाड्यांवर रेंज येते-जाते, त्यामुळे फोन आला की आधी हे वाक्य: 'मॅडम, द नेटवर्क इज वीक हिअर. कॅन आय कॉल यू बॅक इन टेन मिनिट्स?' आणि खरोखर दहा मिनिटांत फोन करायचा. मधल्या वेळात बायोडाटा हातात घ्या. पगाराचा प्रश्न इथेच येतो, म्हणून सीटीसी आणि हातात येणारा पगार यांतला फरक आधी समजून ठेवा. कंपनी जो आकडा सांगते त्यात पीएफसारख्या रकमाही धरलेल्या असतात.

याचा सराव करताना दोघांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं. तोंड दिसेनासं झालं की किती कमी ऐकू येतं ते तेव्हा कळतं.

मुलींना विचारले जाणारे प्रश्न

'लग्न कधी करणार?', 'नवरा पाठवेल का नाइट शिफ्टला?' हे प्रश्न आपल्याकडे सहज विचारले जातात. विचारणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही, हे जास्त वाईट. भरतीत बाई म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने बंदी घातली आणि आता वेतन संहितेतही ती आहे. तरी मुलाखतीच्या खोलीत कायदा सांगत बसणं प्रत्येकीला परवडत नाही. अशा वेळी बोलणं कामावर आणणारं एखादं वाक्य तयार हवं: 'आय कॅन वर्क इन ऑल शिफ्ट्स. मे आय नो अबाउट द ट्रान्सपोर्ट फॉर नाइट शिफ्ट?' यात उत्तर आहे, आणि प्रश्न कंपनीकडे परत गेलेला आहे.

पॅनेल झालेल्या मुलामुलींनी हा प्रश्न आपल्या कागदावर येऊ द्यायचा नाही. उद्या यांतलेच काही जण खरे पॅनेल होणार आहेत.

निवडीनंतरचे ईमेल

निवड झाली की पॅनेलने दोन ईमेल लिहायचे, एक निवडलेल्याला, एक न निवडलेल्याला. दुसरा अवघड असतो, म्हणून तो चुकवू नका. उमेदवाराने मुलाखतीनंतर आभाराच्या चार ओळी लिहायच्या. विषयाच्या जागी पदाचं नाव आणि स्वतःचं नाव टाका. 'प्लीज फाइंड अटॅच्ड' लिहून फाइल जोडायला विसरणारे पुष्कळ असतात, तेवढं पाहा.

पैसे मागितले तर

मुलाखत होण्याआधी रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, मेडिकल अशा नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर ती नोकरी नाही. इंग्रजी कितीही छान असलं तरी. थेट कंपनीच्या गेटवर किंवा वेबसाइटवर दिलेल्या नंबरवर चौकशी करा.

कुठे आणि कुणाबरोबर

कर्जत आणि खोपोलीत महाविद्यालयं आहेत, अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत, आयटीआय आहेत. शनिवारी दुपारी रिकामा राहणारा एक वर्ग आणि एक टेबल एवढ्यावर हा सराव चालतो. कॉलेजपासून लांब राहणाऱ्यांनी वाचनालय किंवा समाजमंदिर धरावं. लोकलने जाणाऱ्यांकडे तर रोजचा वेळ आहे. कर्जत ते कल्याण या प्रवासात एक मुलाखत आणि तिची चर्चा आरामात होते, आणि ज्या गाड्यांत भजनी मंडळं चालतात तिथे चौघांचं इंग्रजी कुणाला खटकणार नाही.

कमी आहे ती पॅनेलवर बसणाऱ्या अनुभवी माणसांची. खोपोली, मोहोपाडा, कर्जत इथे कारखान्यांतून निवृत्त झालेले शेकडो सुपरवायझर, केमिस्ट, पर्सोनेलचे अधिकारी घरी आहेत. त्यांनी आयुष्यभर माणसं निवडली, नाकारली, घडवली. पाताळगंगा आणि खोपोलीच्या कंपन्यांत आज एचआरला असलेल्यांनाही हीच विनंती: भरून झालेल्या एखाद्या जागेची जुनी जाहिरात आणि प्रश्नांचा कागद, नावं काढून, जवळच्या कॉलेजला द्या. महिन्यातला एक शनिवार काढून पॅनेलच्या एका खुर्चीत स्वतः बसा आणि दुसऱ्या खुर्चीत इथल्याच एखाद्या मुलीला बसवा.